डाग कशाचा ते आधी ओळखा, मग मशीन हातात घ्या



आजचं थोडं कडक वाटेल. वॉशिंग सेंटर किंवा डिटेलिंगचं दुकान चालवणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना एक खोड आहे. गाडीवर डाग दिसला की कंपाउंडची बाटली आणि बफिंग मशीन बाहेर. डाग कशाचा, रंगाच्या वर बसलाय की आत मुरलाय, हे विचारायचं नावच नाही. माझं मत असं की या धंद्यात खरी कमाई डाग ओळखण्यात आहे, आणि ओळखण्याचे पैसे वेगळे घेतले पाहिजेत.

मी हे ठेच लागून शिकलो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एक काळी सेडान आली. बॉनेटवर आणि टपावर पांढुरके गोल ठिपके. मालक सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने रोज गाडी धुवायचे. मी लोकरीचा पॅड लावला आणि बॉनेट घासत सुटलो. ठिपके गेले, पण बॉनेटच्या उभ्या कडेवर क्लिअर कोटही गेला. काम ८०० रुपयांचं होतं, बॉनेट रंगवून द्यायला माझे ४,५०० गेले. नंतर टपावर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी लावून पाहिलं तर तसलेच ठिपके पाच मिनिटांत निघाले. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

असं का होतं ते समजून घ्या. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. १,००० मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो तोच. प्रत्येक कंपाउंडिंगला त्यातून थोडा थोडा जातो. कडांवर थर पातळ आणि मशीनचा दाब जास्त, म्हणून आधी तिथेच उघडं पडतं. ही गिऱ्हाइकाची मुदत ठेव आहे, आणि ती आपण त्याला न विचारता मोडतो.

मग ओळखायचं कसं? गाडी धुऊन, कोरडी करून सावलीत लावा. डागावर पाणी मारा. ओलं असताना डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर गडबड बहुतेक वरच्या पृष्ठभागावर आहे. ओला असतानाही जसाच्या तसा दिसला, तर तो रंगात किंवा रंगाखाली असू शकतो. मग नख हलकेच फिरवा. वर उंचवटा लागला तर काहीतरी चिकटलंय, खड्डा लागला तर क्लिअर कोट खाल्ला गेलाय. आणि मालकाला तीन गोष्टी विचाराच: गाडी कुठे लावता, कुठल्या पाण्याने धुता, आणि हा भाग कधी रंगवला होता का. तिसऱ्या प्रश्नाला लोक अडखळतात. सेकंडहँड गाडी असेल तर त्यांनाच माहीत नसतं.

पांढऱ्या गाडीवरचे नारिंगी बारीक ठिपके बघून "पत्रा गंजलाय" असं सांगणारे महाभाग मी पाहिलेत. बहुतेक वेळा ते बाहेरून येऊन चिकटलेले लोखंडाचे कण असतात. ब्रेकची धूळ, रेल्वे रुळाशेजारचं पार्किंग, एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडजवळ उडणारा ग्राइंडरचा कीस. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ येतात आणि ओळख पटते. वास भयंकर असतो, हातमोजे घाला आणि गरम पत्र्यावर मारू नका. पक्ष्याची विष्ठा उन्हात बॉनेटवर राहिली तर मात्र क्लिअर कोट खाल्ला जातो. तो डाग पॉलिशने फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही.

आता सगळ्यात चिवट डाग. पांढऱ्या गाडीच्या फेंडरवर पिवळसर पट्टा, पॉलिश करूनही जसाच्या तसा. इथे जाडी मोजायचं गेज लावा. बाकी गाडीवर १२० आणि याच जागी ४०० आलं, तर समजा की खाली पुट्टी आहे. पुट्टीत हार्डनर जास्त पडला की तो वरच्या रंगातून डोकावतो. हा डाग खालून येतोय, वरून घासून काय होणार? पेंटरने तो भाग पुट्टीपर्यंत उतरवून परत करायचा, एवढाच उपाय. साधं गेज काही हजारांत मिळतं, पण ते एकूण जाडी सांगतं, नुसत्या क्लिअर कोटची नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. टपावर पांढरे चट्टे येऊन कडेने पापुद्रे सुटले असतील तर तिथेही मशीन लावू नका, पापुद्रे आणखी निघतील.

काम घेतलंच तर हातभर जागा टेप लावून वेगळी करा. आधी केमिकल, मग क्ले, मग सगळ्यात मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. त्याने भागलं नाही तरच पुढची पायरी.

आता पैशांचं. मी तपासणीचे २०० रुपये घेतो, काम दिलं तर बिलातून वजा करतो. तुम्ही म्हणाल, "सर, शेजारचा फुकट बघतो." बघू दे. तो बघत नाही, तो थेट घासतो. हां, तालुक्याच्या गावात तुमचा धंदा नुसत्या धुलाईवर चालत असेल तर २०० मागणं जड जाईल, हे मला मान्य आहे. तिथे तपासणी फुकट करा, पण जॉब कार्डवर लिहा. डाग कुठे, कशाचा वाटतो, किती जाईल. उन्हातला फोटो काढा, खाली गिऱ्हाइकाची सही घ्या.

मागच्या महिन्यात एका बाईंच्या कार्डावर मी लिहिलं, "पिवळा पट्टा पॉलिशने जाणार नाही, पेंटरकडे न्या." त्या २०० रुपये देऊन निघून गेल्या. पंधरा दिवसांनी फेंडर रंगवून आल्या आणि अख्ख्या गाडीचं पॉलिश माझ्याकडे करून घेतलं.