विश्लेषण : ‘शकुंतले’चे जुने शेअर सर्टिफिकेट रद्दी की वारसा?

वाशिम जिल्ह्यातील कारंजा स्थानकातून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे गेली काही वर्षे बंद आहे. वऱ्हाडचा कापूस वाहणारी ही नॅरोगेज गाडी अनेकांना आठवते. पण तिचेही शेअर होते, हे कितींना माहीत असते?

शेअर कसले?

मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी शकुंतलेचा मार्ग या खासगी कंपनीकडेच राहिला. अशा जुन्या कंपन्यांची शेअर सर्टिफिकेट जमवण्याचा छंद जगभर आहे. त्याला ‘स्क्रिपोफिली’ म्हणतात.

किंमत कशावर ठरते?

केवळ वयावर नाही. नाव, सही, छपाई, कागदाची अवस्था आणि किती प्रती उरल्या, यावर. अमेरिकेत व्हँडरबिल्ट घराण्यातील व्यक्तींनी सह्या केलेल्या रेल्वे कागदांना संग्राहक शोधत फिरतात. आपल्याकडे मुंबईत रेल्वे यावी म्हणून पुढाकार घेणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय होते. जीआयपी रेल्वेच्या 1849 च्या करारात भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी होती. त्या काळच्या शेअरवर अशा घराण्याचे नाव सापडले, तर पैसा कोणाचा होता याचा तो पुरावा ठरतो.

मात्र आडनाव जुळले म्हणजे घराणे तेच, असे नाही. सही शाईची की छापील, हेही पाहावे लागते. ऑनलाइन विक्रेत्याने मागितलेला भाव म्हणजे बाजारभाव नव्हे. प्रत्यक्ष विक्री कितीला झाली, ते महत्त्वाचे.

घरात असा कागद सापडला तर?

आधी कंपनी अजून आहे की बंद झाली किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासा. शेअर जिवंत असेल, तर वारसांचा हक्क उरलेला असू शकतो. लॅमिनेशन टाळा; ते काढताना कागद फाटतो. दोन्ही बाजू स्कॅन करा आणि कागद कोणाकडून आला, ते लिहून ठेवा.

परदेशी ग्राहकाला विकता येतो?

सावध राहावे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाचा आणि किमान 75 वर्षे जुना दस्तऐवज पुरावशेष ठरतो. खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही.

मग करायचे काय?

छंद चांगला, पण फक्त भावाच्या मागे लागला तर कागद तिजोरीत जातो आणि माहिती हरवते. कारंज्याने याहून चांगला मार्ग आधीच दाखवला आहे. तिथल्या जैन भांडारांनी हस्तलिखिते शतकानुशतके जपली, म्हणून विसाव्या शतकात अभ्यासकांना त्यातील अपभ्रंश काव्ये छापता आली. रेल्वेचे शेअर, मालवाहतुकीच्या पावत्या, जिनिंग प्रेसच्या वह्या यांनाही तोच न्याय हवा. मूळ कागद घरातच राहू द्या. स्कॅन प्रत गावच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात द्या.

शकुंतला ब्रॉडगेज व्हावी, ही मागणी रास्तच आहे. पण ती पूर्ण झाली की जुने रूळ उखडले जातील. मग वऱ्हाडच्या कापसावर कोणी किती पैसा लावला, हे सांगायला फक्त कागदच उरतील.