पित्ताच्या गोळीआड दडलेला जंतू

दुर्बिणीतून काढलेला जठराच्या अस्तराचा तिळाएवढा तुकडा एका छोट्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. रुग्ण बाहेरच्या बाकावर घशाचा बधिरपणा उतरण्याची वाट पाहत बसलेला असतो, तेवढ्यात आत टेबलावर त्या पिवळ्याचा रंग बदलू लागतो. कधी पंधरा-वीस मिनिटांत, कधी काही तासांनी जेल गुलाबी-लाल होतं. त्यात युरिया असतो आणि आम्ल कमी झालं की रंग पालटणारं एक द्रव्य असतं. तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तर त्याच्याजवळचं युरियेज नावाचं एन्झाइम युरिया फोडून अमोनिया तयार करतं आणि त्या अमोनियामुळे रंग बदलतो.

जंतू जठरात तगून राहतो तोही याच युक्तीने. लोखंडाचा बारीक चुरा विरघळवू शकेल असं आम्ल जिथे पाझरतं, तिथे कुठलाही जंतू फार काळ जगणार नाही असं वैद्यकशास्त्र कित्येक दशकं मानत आलं. हा मात्र स्वतःभोवती अमोनियाचं कवच तयार करतो, शेपट्यांच्या जोरावर जठराच्या चिकट अस्तरात घुसतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. बहुधा लहानपणी, घरातल्याच कुणाकडून किंवा दूषित पाण्या-अन्नातून तो पोटात जातो आणि उपचार झाले नाहीत तर सहसा जन्मभर राहतो.

आपल्याकडे रुग्ण त्याच्यापर्यंत पोचायला फार वळसे घेतो. आधी कोकम सरबत, थंड दूध, रात्री भिजवलेल्या धन्या-जिऱ्याचं पाणी. मग दोष द्यायला कालची मिसळ, परवाचं जागरण, ऑफिसातलं टेन्शन. मग कोपऱ्यावरचं मेडिकल आणि ‘दादा, ॲसिडिटीची एक पट्टी द्या’. बरं वाटतं म्हणून पुन्हा एक पट्टी. सकाळच्या चहाआधी रिकाम्या पोटी गोळी घेण्याचा नेम पाच-सात वर्षं चाललेली माणसं घरोघरी सापडतील. ही गोळी वाईट नाही. आम्ल कमी करण्याचं काम ती चोख करते. आक्षेप वेगळा आहे. आम्ल झोंबावं अशी जखम किंवा सूज आत कशाने झाली, हा प्रश्न इतक्या वर्षांत एकदाही विचारला जात नाही.

तो न विचारण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिला डॉक्टरांनीच बळ दिलं. १९१० मध्ये कार्ल श्वार्त्झ यांनी सिद्धांत मांडला की आम्ल नसेल तर अल्सर नाही. पुढची सत्तर वर्षं सगळी लढाई आम्लाशी झाली. जठराचा भाग कापून टाकायचा, आम्लाचा हुकूम नेणारी नस तोडायची, रुग्णाला दूध आणि बेचव जेवणावर ठेवायचं. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन हे आम्ल कमी करणारं औषध आलं आणि शस्त्रक्रिया कमी होऊ लागल्या. गोळ्यांनी अल्सर भरून येई, पण त्या थांबवल्या की वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्णांचा अल्सर परत येई. म्हणजे गोळी आयुष्यभर. औषध कंपन्यांना याहून चांगला रुग्ण कुठून मिळणार?

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९७९ साली रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला सुजलेल्या जठराच्या तुकड्यात वाकडे जंतू दिसले. सहकाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याचे प्रयत्न एकामागून एक फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट फेकून देण्याची पद्धत होती. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या लांबलचक सुट्टीमुळे एक प्लेट इन्क्युबेटरमध्ये तशीच राहिली. कर्मचारी परतले तेव्हा तीवर जंतूंच्या वसाहती दिसत होत्या. या जंतूला फक्त जास्त दिवस हवे होते.

१९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतःच प्यायलं, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. ती सांगताना मात्र बहुतेकदा मीठमसाला लागतो आणि ‘त्यांना अल्सर झाला’ असा शेवट होतो. त्यांना अल्सर झाला नाही. आधी दुर्बिणीने तपासून जठर निरोगी असल्याची खात्री त्यांनी करून घेतली होती. द्रावण प्यायल्यावर काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी सुरू झाली आणि सुमारे दहा दिवसांनी जठराला सूज आल्याचं तपासणीत दिसलं. निरोगी पोटात हा जंतू सूज आणतो, इतकंच त्यातून सिद्ध झालं. जंतू मारला की अल्सर परतत नाही, हे सिद्ध करायला नंतर रुग्णांवरच्या चाचण्या लागल्या. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने हा जंतू असलेल्या अल्सरच्या रुग्णाला प्रतिजैविकं द्यावीत अशी शिफारस केली आणि २००५ मध्ये वॉरन-मार्शल यांना नोबेल मिळालं. त्यांच्या कितीतरी आधी, १९५८ पासून, ग्रीसमधल्या मिसोलोंघी गावात जॉन लायकुडिस हा डॉक्टर अल्सरवर प्रतिजैविकं देत होता. त्याच्या वाट्याला शिस्तभंगाची कारवाई आली.

मग प्रत्येक ढेकर देणाऱ्याची तपासणी करून त्याला प्रतिजैविकं द्यायची का? अजिबात नाही. जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू राहत आला आहे आणि भारतात प्रमाण त्याहून कमी नाही. त्यातल्या बहुतेकांना जन्मात काही त्रास होत नाही; अल्सर होतो तो साधारण दहांतल्या एकाला. शिवाय छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं, आडवं झाल्यावर वाढणारा त्रास हे प्रकरण बहुधा आम्ल अन्ननलिकेत चढण्याचं असतं आणि त्यात या जंतूचा हात नसतो. अल्सर नसलेल्या, नुसत्या पोटदुखी-अपचनाच्या रुग्णांत जंतू मारल्याने सरासरी बारा-चौदांपैकी एकालाच खास फायदा होतो. आणि अल्सरचा दुसरा मोठा गुन्हेगार आपण घरातच पाळलेला असतो: गुडघ्यांसाठी, कंबरेसाठी, दिवसभर राबून आलेल्या अंगदुखीसाठी घेतलेली वेदनाशामक गोळी. ती आणि हा जंतू एकत्र आले की रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

पण म्हणून जंतू निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. वर्षानुवर्षं सुजलेलं अस्तर झिजतं, लोह आणि बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि थोड्या लोकांत पुढे कर्करोग उद्भवतो. जठराच्या लिम्फोमाचा एक प्रकार तर असा, की सुरुवातीच्या टप्प्यात फक्त जंतू मारला तरी अनेकांची गाठ विरते. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून प्रौढांची सरसकट तपासणी आणि उपचार सुरू झाले. संसर्गाचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं आणि जठराच्या कर्करोगाचे नवे रुग्ण निम्म्याहून कमी झाले.

हे जसंच्या तसं उचलून महाराष्ट्रात आणा म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. भारतात संसर्ग मुबलक असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आहे. अपवाद मिझोरमचा, तिथलं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे आणि अभ्यासक धुरावलेलं मांस व तंबाखूच्या विविध प्रकारांकडे बोट दाखवतात. जंतूच्या जोडीला काय आहे, यावर बरंच ठरतं.

सरसकट तपासणी नको, पण नेमकी तपासणी हवी. महिनोन्‌महिने वरच्या पोटात दुखतं, गोळी थांबवली की त्रास परततो, घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला आहे, किंवा कारण न सापडणारा पंडुरोग आहे, अशा माणसाची निदान एकदा या जंतूसाठी तपासणी व्हावी. डांबरासारखी काळी शौच, घटतं वजन, गिळताना अडकणं, किंवा पन्नाशी-साठीत पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर थेट दुर्बीण. बाकीच्यांना दुर्बिणीचीही गरज नसते. श्वासाची तपासणी आहे: खास युरिया प्यायचा, थोडा वेळ थांबायचं आणि पिशवीत फुंकर मारायची. शौचाच्या नमुन्यातूनही जंतू सापडतो. आणि इथेच आपली रोजची गोळी घात करते. ती चालू असताना जंतू दबलेला असतो आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे आधी बंद असावी लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारून. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी सर्रास लिहून दिली जाते. जंतू मेल्यावरही ती बराच काळ ‘पॉझिटिव्ह’ राहते, तेव्हा त्या पैशांत फारसं काही कळत नाही.

उपचार साधारण चौदा दिवसांचे: आम्ल कमी करणारं औषध आणि सोबत किमान दोन प्रतिजैविकं, कधी बिस्मथही. तोंड कडवट होतं, पोट बिघडतं, पाचव्या दिवशी बरं वाटू लागतं आणि पाकीट कपाटात जातं. अर्ध्यावर सोडलेल्या उपचारातून वाचलेले जंतू पुढच्या औषधाला जुमानत नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या अनेक केंद्रांतल्या पाहणीत जंतूचे तीन-चतुर्थांशाहून अधिक नमुने मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाला दाद देत नव्हते. जुलाब लागले की हीच गोळी विकत घेण्याची आपली सवय पाहता नवल नाही. क्लॅरिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची गतही तशीच. घसा खवखवला की तीन दिवस घ्यायची ॲझिथ्रोमायसिन त्याच कुळातली. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जंतूचा समावेश नव्या औषधांची निकड असलेल्या यादीत केला. औषधांची जोडी कुठली, हे मेडिकलच्या काउंटरवर ठरवण्याजोगं उरलेलं नाही.

उपचार संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासून जंतू गेल्याची खात्री करायची असते. ‘आता बरं वाटतंय ना?’ एवढ्यावर डॉक्टर आणि रुग्ण दोघेही समाधान मानतात, तेव्हा हे राहून जातं. सरकारी यंत्रणेकडून मागायचं असेल तर नेमकं हेच मागावं: शौचाच्या नमुन्याची ही तपासणी जिल्हा रुग्णालयात नेहमीची व्हावी, उपचाराआधी एकदा आणि नंतर एकदा. तिला दुर्बीण लागत नाही, भूल लागत नाही. तालुक्याच्या गावात गोळा केलेला नमुना थंड ठेवून जिल्ह्याला पाठवता येतो, आणि रुग्णाला पुण्या-मुंबईची फेरी पडत नाही.