गॅदरिंग नक्की कुणाचं?

डिसेंबर उजाडला की आपल्याकडच्या शाळांत नुसती धांदल. क्रीडा सप्ताह, विज्ञान प्रदर्शन, सहल, गॅदरिंग. चांगलंच आहे, बातम्या मीच लावतो. पण परवा एका हायस्कुलात नाचाच्या ड्रेसचं भाडं ऐकलं, 600 रुपये! भरले ते स्टेजवर, बाकीची पोरं खुर्च्या मांडायला. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, त्यांनी मागायचे कुणाकडे? शालेय सहलीला एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते, तरी बस खासगीच का, हे पालकसभेत कुणी विचारत नाही. पोरावर राग निघेल ही धास्ती. मुख्याध्यापक सर, गणवेशात नाचता येत नाही का हो? यंदा मी फोटो खुर्च्या उचलणाऱ्या पोरांचा लावणार. बोलवा अगर नका बोलवू.