एक शिपाई म्हणजे वीस माणसं

मुलांनो, दिवाळीत किल्ला केलात की त्यावर मावळे मांडता ना? एकदा मांडले की ते काही जागचे हलत नाहीत. आजच्या छंदातले शिपाई मात्र चालतात, बंदुका झाडतात, घाबरून पळतसुद्धा सुटतात! इंग्लंड-अमेरिकेत कितीतरी जण शाळेत असताना या खेळाला लागले आणि आजोबा झाले तरी त्यांचा नाद सुटला नाही.

हा लढायांचा खेळ. पण लढाई मनची नाही, इतिहासात खरी झालेली. त्यातलं एक आवडतं युद्ध म्हणजे अमेरिकेतलं १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध. माणसांना गुलाम म्हणून राबवण्याची पद्धत टिकावी म्हणून दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली आणि एकाच देशातले लोक एकमेकांवर तुटून पडले. सहा लाखांहून जास्त सैनिक त्यात मेले.

१९६० नंतरच्या वर्षांत ‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीनं या युद्धातले प्लॅस्टिकचे शिपाई काढले. जेमतेम इंचभर उंचीचे. ते रंगवायचे आपणच. उत्तरेचे निळे, दक्षिणेचे राखी. सोपं आहे? छे! २१ जुलै १८६१ रोजी बुल रनच्या लढाईत दक्षिणेची एक पलटण निळ्या कपड्यांत होती. उत्तरेच्या तोफखान्याला ती आपलीच वाटली, आणि घात झाला. पुढे दक्षिणेत झाडाच्या सालीत रंगवलेले तपकिरी कपडेही आले. म्हणून रंगवणारा शेजारी पुस्तक उघडं ठेवून बसतो.

मग टेबलावर टेकड्या, ओढे, कुंपणं मांडायची. चाल फूटपट्टीनं मोजायची. गोळी लागली की नाही, हे फाशांवर ठरतं. नियमांची पुस्तकं वेगवेगळी. काहींत एक शिपाई म्हणजे वीस माणसं असा हिशेब असतो.

आता हा हिशेब गेटिसबर्गच्या लढाईला लावून बघू. ३ जुलै १८६३ ला दक्षिणेचे सुमारे १२,५०० सैनिक उघड्या शेतांतून तोफांच्या तोंडी चालून गेले. म्हणजे टेबलावर ६२५ शिपाई. एकेकाला रंगवायला अर्धा तास धरला, तरी तीनशे तासांच्या वर काम! त्या हल्ल्यात निम्मे सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. म्हणजे ज्याच्या टोपीची कड तुम्ही बारीक कुंचल्यानं रंगवली, त्याला तुम्हीच दोन बोटांत धरून टेबलावरून उचलायचं. असे तीनशेच्या वर. सिनेमात हे जाणवत नाही, इथे हातालाच कळतं.

एच. जी. वेल्स हे काळयंत्राची गोष्ट लिहिणारे लेखक. त्यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे या खेळाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, हा खेळ तीन-चारदा खेळून बघा. खरं युद्ध म्हणजे केवढा गोंधळाचा कारभार असेल ते ध्यानात येईल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

तुम्हांला करून बघायचंय? गेटिसबर्गचीच छोटी चकमक घ्या. २ जुलैला लिटल राउंड टॉप टेकडीच्या एका टोकाला उत्तरेची विसावी मेन रेजिमेंट उभी होती, सुमारे ३८६ माणसं. काडतुसं संपत आली तेव्हा ते संगिनी लावून उतारावरून धावून गेले, आणि टेकडी राहिली. पुठ्ठ्याचे १९ तुकडे कापा. उशीवर चादर टाकली की टेकडी तयार. खालून येणारे दुप्पट करू नका हं, तेवढे नव्हते. थोडे जास्त ठेवा. त्या दिवशी टेकडीवरच्यांपैकी सव्वाशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले, म्हणजे १९ मधले सहा. तुमच्या खेळात किती उचलावे लागतात ते बघा. फासा सापशिडीच्या डब्यातला चालेल.