कच्च्या बिलाची पक्की किंमत

जुना फ्लॅट घ्यायचा, दोन-तीन महिने मिस्त्री लावून तो राहण्याजोगा करायचा आणि विकून टाकायचा. या उद्योगाला मराठीत अजून धड नाव नाही. करणारे मात्र भरपूर आहेत. निवृत्त बँकवाले, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी साइटवर जाणारे, दोघे मेहुणे मिळून भागीदारी करणारे. वर्षाला एक, फार तर दोन घरं. बिल्डर नव्हेत, दलाल नव्हेत, आणि स्वतःला व्यापारी म्हणायला तर अजिबात तयार नाहीत. विचारलं तर सांगतात, "छे हो, थोडी इन्व्हेस्टमेंट करतो."

माझा आक्षेप नेमका इथे आहे. धंदा करायचा पण धंदा म्हणायचं नाही, या संकोचापायी ही मंडळी सरकारला नाही, स्वतःलाच फसवतात. मी स्वतः याच उद्योगात आहे, म्हणून हे जरा ठासून लिहितोय. आणि नीतिमत्तेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवून, निव्वळ रुपये-पैशांत.

आधी खर्चाचं बघू. पुण्यातला ४० लाखांचा एक जुना वन बीएचके धरा. ५ लाखांचं काम करून तो ५४ लाखांना विकला. चहाच्या टपरीवर हिशेब होतो तो असा: चोपन्न वजा चाळीस वजा पाच, म्हणजे नऊ लाख सुटले! आता कागदावर मांडा. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार (खरेदीदार बाई असेल तर एक टक्का सूट). नोंदणी फी ३० हजार. घेताना आणि विकताना एक-एक टक्का दलाली धरली तर ४० हजार आणि ५४ हजार. तीस लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी काढलं आणि घेण्यापासून विकण्यापर्यंत आठ महिने गेले, तर व्याज १ लाख ८० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजारांप्रमाणे २० हजार. एकूण खर्च झाला ५१ लाख ४ हजार. सुटले २ लाख ९६ हजार.

नऊ नव्हे, तीनसुद्धा नाहीत! आणि हे सगळं सुरळीत पार पडलं तर. बाथरूमची लादी उखडल्यावर खालची पाइपलाइन सडलेली निघाली, किंवा खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली म्हणून वॉटरप्रूफिंग दुसऱ्यांदा करावं लागलं, की त्यातले पन्नास हजार गेलेच. म्हणून काम रोजावर न देता उक्तं द्यावं, आणि उक्त्यात काय काय धरलंय त्याची यादी लिहून घ्यावी: फरशी किती चौरस फूट, डेडो किती उंचीपर्यंत, जुना गिलावा पाडायचा की नाही, राडारोडा कोण उचलणार. तोंडी उक्त्याला अर्थ नसतो. मिस्त्रीचं "ते त्यात नव्हतं साहेब" हे वाक्य फार महाग पडतं.

आता कराकडे वळू. हा नफा 'भांडवली नफा' म्हणून दाखवायचा की 'धंद्याचं उत्पन्न' म्हणून? बहुतेकांना पहिला शब्द सुरक्षित वाटतो. पण २४ महिन्यांच्या आत घर विकलं तर तो अल्पकालीन भांडवली नफा होतो आणि त्यावर नेहमीच्या टप्प्यांप्रमाणेच कर लागतो. म्हणजे दरात काहीच फरक नाही. फरक पडतो तो वजावटीत. धंदा म्हटलं की व्याज, मेंटेनन्स, रंगकाम, किरकोळ दुरुस्ती, सगळा खरा खर्च वजा होतो. भांडवली नफ्यात मुद्रांक, दलाली आणि घरात केलेली 'सुधारणा' चालते. पण रंग मारणं ही सुधारणा की नुसती डागडुजी, यावर वाद घालत बसावं लागतं. व्याजाचाही वाद आणि मेंटेनन्सचं तर विसराच.

वरच्याच उदाहरणात पाच लाखांच्या कामापैकी दोन लाख डागडुजीचे ठरले, आणि कडक अधिकाऱ्याने व्याज व मेंटेनन्सही नाकारला, तर करपात्र नफा २ लाख ९६ हजारांवरून ६ लाख ९६ हजारांवर जातो. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल (उपकर धरून ३१.२) तर कर ९२ हजारांऐवजी २ लाख १७ हजार. हातात उरतात ७९ हजार. आठ महिन्यांच्या धावपळीचे!

यावर तोडगा म्हणून काहीजण सांगतात, "चोवीस महिने थांब, मग साडेबारा टक्केच." हा दर २३ जुलै २०२४ पासून आला, पण त्याबरोबर महागाई निर्देशांकाचा फायदा गेला. (त्या तारखेआधी घेतलेल्या घरांना जुना पर्याय आहे, पण तो आपला विषय नाही.) आता थांबण्याची किंमत काढा. आणखी सोळा महिन्यांचं व्याज ३ लाख ६० हजार आणि मेंटेनन्स ४० हजार. म्हणजे ९२ हजारांचा कर कमी करण्यासाठी चार लाख घालवायचे! मधल्या काळात भाव वाढले तर निभावेल, पण मग तो जुगार झाला. शिवाय दर दोन वर्षांनी कर्ज काढून घर घेणारा आणि विकणारा माणूस व्यापारीच आहे, असं अधिकारी म्हणू शकतोच. किती वेळा घेतलं, किती लवकर विकलं, पैसा उसना होता का, घेतानाचा हेतू काय होता, हे सगळं पाहिलं जातं.

निवृत्तांसाठी तर गंमत आणखीच वेगळी. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण ती सवलत साडेबारा टक्क्यांच्या दीर्घकालीन नफ्याला मिळत नाही. म्हणजे पेन्शन आणि धंद्याचा नफा मिळून दहा लाख असतील तर काही भरायचं नाही, आणि 'कर वाचवायला' दोन वर्षं थांबलात तर मात्र भरावा लागू शकतो.

आता शीर्षकातल्या कच्च्या बिलाबद्दल. दुकानदार हळूच विचारतो, "बिल पाहिजे का? मग अठरा टक्के लागतील." टाइल्स, रंग, नळ, सगळ्यांवर जीएसटी १८ टक्के आहे. बांधून पूर्ण झालेल्या घराच्या पुनर्विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही आपल्याला मिळत नाही. म्हणून वाटतं, कशाला उगाच अठरा रुपये द्या?

शंभर रुपयांचा माल बिलासकट ११८ ला पडतो. ते ११८ खर्चात दाखवले की तीस टक्क्यांच्या टप्प्यात जवळजवळ ३७ रुपये कर वाचतो. निव्वळ किंमत झाली ८१. बिनबिलाचा माल १०० लाच राहतो, कारण तो खर्च दाखवताच येत नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यातही बिलवाला माल साडेत्र्याण्णवला पडतो. पंधरा टक्क्यांवर दोन्ही जवळपास सारखे. त्याखाली मात्र कच्चं बिल स्वस्त दिसतं, हे मान्य केलं पाहिजे. पण तिथेही खर्च कागदावर नसला की नफा कागदावर फुगतो, आणि बारा लाखांची रेषा ओलांडायला वेळ लागत नाही.

मिस्त्री किंवा रंगारी यांच्याकडे जीएसटी क्रमांक नसतो, पण त्यात बेकायदा काही नाही. छोट्या कारागिराला तो घ्यावाच लागत नाही. सही केलेली पावती आणि बँकेतून किंवा यूपीआयने दिलेले पैसे, एवढं पुरतं. एकाच माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर मात्र धंद्याच्या हिशेबात तो खर्च नामंजूर होतो, हे लक्षात ठेवावं.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे. घर विकणारा म्हणतो, "पस्तीस कागदावर, पाच रोख." २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं कायद्याने बंद आहे. पण कायदा राहू द्या, हिशेब बघा. तुमची कागदावरची खरेदी पाच लाखांनी घटली, म्हणजे कागदावरचा नफा तेवढाच वाढला. त्याचा दीड लाखाहून जास्त कर तुम्ही भरणार. थोडक्यात, त्याने चुकवलेला कर तुमच्या खिशातून. तो टाळायचा तर पुढच्या गिऱ्हाइकाकडून पाच लाख रोख मागायचे. ते गिऱ्हाईक कोण असतं? दोघं नोकरी करणारं तरुण जोडपं, बँकेचं कर्ज काढून पहिलं घर घेणारं. बँक कर्ज देणार करारातल्या किमतीवर. रोख पाच लाख त्यांनी आणायचे कुठून? आईचे दागिने मोडून, की गावाकडची जमीन विकून?

म्हणून असा सौदा सोडून द्यावा. दुसरं घर मिळतं. शहरात जुन्या घरांना तोटा नाही.

असो. नफा तीन लाखांचा असेल तर तो तीन लाखांचाच आहे, हे आधी स्वतःशी कबूल करावं. या उद्योगासाठी बँकेत वेगळं खातं उघडावं, प्रत्येक पावती जपावी, सीएची फी हा खर्चच धरावा, आणि विवरणपत्रात सरळ 'धंदा' असं लिहावं. एवढं करूनही ज्या घराचा हिशेब जमत नाही, ते घर घ्यायचंच नाही.