दगडांची कीर्द-खतावणी



गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटातून एक तपकिरी दगड खाली निघाला. वजन सुमारे दोन किलो. दुरून पाहिले तर लाकडाचा तुकडा, हातात घेतला तर थंडगार गारगोटी. नववीत शिकणारी नात म्हणाली, “आजोबा, हे झाड कुठलं?” मी अभिमानाने उत्तरलो, “सिरोंच्याचं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं.” तिने लगेच विचारले, “सिरोंच्यात नेमकं कुठे सापडलं?” आणि मी निरुत्तर झालो.

१९८८ साली माझी बदली गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याला झाली होती. कर्जवसुलीच्या निमित्ताने प्राणहितेच्या काठच्या गावांत जीपने हिंडणे होई. अशाच एका फेरीत रस्त्याकडेला पडलेला हा तुकडा मी उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पुढील बदलीच्या सामानाबरोबर घरी आणला. त्यात काही गैर आहे, असे तेव्हा मनातही आले नाही.

आपण व्यापारी माणसे वह्यांची भाषा जाणतो, म्हणून त्याच भाषेत सांगतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीखाली निसर्गाने एक कीर्द लिहून ठेवली आहे. जुनी नोंद तळाशी, नवी वर. तळाचे पान सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे. इरई गावाजवळ, पैनगंगेच्या काठी, चुनखडकावर समांतर ओरखडे आढळले. १८७० च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकाने ती हिमाची खूण असल्याचे मांडले. मे महिन्यात जेथे पारा ४६-४७ अंशांवर जातो, त्या चंद्रपूरच्या परिसरात एके काळी बर्फ सरकत होते!

बर्फ वितळले, दलदली झाल्या, त्यांतील वनस्पती गाडल्या जाऊन दगडी कोळसा बनला. बल्लारपूरपासून वणीपर्यंत आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचा व्यवसाय या एका पानावर उभा आहे. त्या कोळशावर नद्यांनी वाळू आणून पसरली. तो कामठीचा वालुकाश्म. नागपूरजवळच्या कामठी गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्रात गेले ते यामुळे. या वाळूच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते मोठ्या निष्ठेने जमविले.

हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण ध्रुवाकडेही मिळते. १९१२ साली कॅप्टन स्कॉट यांची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना भूक आणि थंडीने मरण पावली. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे सोळा किलो दगड होते, त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे जीवाश्म होते. प्राण जात असतानाही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. हे सारे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, याचा तो पुरावा. त्या महाभूमीचे नाव ‘गोंडवन’ आपल्याच गोंड बांधवांच्या प्रदेशावरून पडले, हे किती जणांना ठाऊक असते?

आणखी वरचे पान कोटा स्तराचे. कोटा हे सिरोंचा तालुक्यातील प्राणहितेच्या काठचे लहानसे गाव. येथील चुनखडकात माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले. नदीच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, याच स्तरात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना १९५८ पासून प्रचंड हाडे सापडू लागली. १९६१ मध्ये मोठे उत्खनन झाले. ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. म्हणून त्या डायनोसॉरचे नाव ठेवले ‘बारापासॉरस टागोराय’, म्हणजे मोठ्या पायाचा. १९७५ मध्ये हे नाव प्रसिद्ध करणाऱ्या चौघांत सोहनलाल जैन यांचे नाव पहिले आहे. त्यांच्यासोबत कुट्टी, रॉयचौधरी आणि चॅटर्जी होते. निदान सहा प्राण्यांची सुमारे तीनशे हाडे निघाली. कवटी मात्र मिळाली नाही. त्या प्राण्याचा जोडलेला सांगाडा आजही कोलकात्याच्या त्या संस्थेत उभा आहे.

माझ्या कपाटातला दगड याच परिसरातला. तेव्हा पृथ्वीवर ना साग होता, ना एकही फुलझाड. नदीने वाहून आणलेले वृक्ष वाळूत गाडले गेले. झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिका लाकडाच्या पेशीपेशीत भरत गेली, लाकूड नाहीसे झाले आणि त्याचा हुबेहूब आकार दगडात राहिला.

मी तो परत करण्याचे ठरविले आणि वनखात्यातील एका अधिकाऱ्यांना फोन केला. सिरोंच्याजवळ वडधम येथे वनखात्याने जीवाश्म उद्यान केले आहे, तेथे तो जावा ही इच्छा. त्यांनी आदराने ऐकून घेतले आणि नातीचाच प्रश्न विचारला, “साहेब, जागा कोणती?” मी म्हणालो, “रस्त्याकडेला, एवढेच आठवते.” ते म्हणाले, “मग तो पाहण्यापुरता ठेवता येईल. अभ्यासाला उपयोगी पडणार नाही.”

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तारीख आणि खाते नसलेली पावती ही केवळ कागद असते. खोड कोणत्या थरात होते, कोणत्या दिशेला आडवे पडले होते, शेजारी काय होते, यावरूनच नदीचा प्रवाह आणि झाडाचे वय ठरते. मी दगड जपला, पण त्याची नोंद फाडली. आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासल्या आणि ही चूक मात्र स्वतःच्या हाताने केली.

आपली मंडळी भद्रावतीच्या तीर्थाला जातात, व्यापारासाठी आलापल्ली-सिरोंच्याच्या रस्त्याने जातात. असा दगड दिसला तर तो हलवू नका. छायाचित्र घ्या, मोबाइलवर जागेची नोंद करा आणि जवळच्या वनकार्यालयाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. १९२७ च्या वन कायद्यानुसार जंगलातील दगडही वनोपजच आहे, तो परवानगीविना उचलणे गुन्हा ठरतो, हेही ध्यानात असावे.

दगड मी पोचवून आलो. सोबत एक चिठ्ठी ठेवली: “१९८८, सिरोंचा परिसर, जागा अज्ञात.” नात म्हणाली, “आजोबा, निदान साल तरी लिहिलंत.” कपाटातली ती जागा मी मुद्दाम रिकामीच ठेवली आहे.