नदीला बोल लावू नका!

“औंदा पूर्णामाय रुसली, गुरुजी!” मलकापूरकडचे एक म्हातारे भोई परवा रिकामे जाळे झटकीत म्हणाले. त्यांचा नातू माझ्या वर्गात आहे. मासळी नसली की त्याची वहीही येत नाही.

नदी रुसली म्हणणे सोयीचे असते, आपण सुटतो! पण खरे काय? पुष्कळ मासे पावसाळी पुरात प्रवाहावर चढून अंडी घालतात. पूर्णा ज्या तापीला मिळते, तिच्यावर १९७२ साली उकाईचे, १९८२ साली हतनूरचे धरण उभे राहिले. खालची वाट तुटली. वाळू उपसून आपण नदीचा तळ ओरबाडला. बारीक जाळ्यांनी बोटभर पिले उचलली. विष व सुरुंग यांना १८९७ सालीच कायद्याने मनाई झाली, मानतो कोण?

धरण नको, असे मी म्हणत नाही. त्यावर रान भिजते. रशियात व्होल्गेवर १९६१ साली व्होल्गोग्राडचे धरण पुरे झाले, तेव्हा स्टर्जन माशांचीही वाट अडली. पण तेथे पिले उबवून नदीत सोडली गेली. आणि आपल्याच देशात, ओरिसात, १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन माशांकडून अंडी घालवून घेतली! विद्या घरची आहे. दानत कुठे आहे?

विणीच्या दिवसांत जाळी वर ठेवा, आणि तेवढे दिवस भोयांच्या चुली पेटत्या ठेवा. नाहीतर उपदेश करू नका. बोल नदीला नव्हे, आपल्याला लावा!